ऐंशीच्या स्पीडचा माणूस

मीटरची काच पुसायची मला काही गरज नव्हती. चार वर्षं ती पुसली नव्हती आणि चार वर्षं माझा संसार नीट चालला होता. वणीत राहणाऱ्या माणसाला धुळीचं अप्रूप नसतं. कोळशाचे ट्रक इतके जातात की सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं बनियन संध्याकाळी करडं होऊन घरात येतं. माझ्या मोटारसायकलच्या मीटरवरची काचही अशीच काळी पडली होती आणि आतला काटा केव्हाच दिसेनासा झाला होता. पण पुसदहून माझा साळा संघदीप येणार होता, नवी कोरी गाडी घेऊन. त्याच्या गाडीशेजारी आपली निदान आंघोळ केलेली दिसावी, म्हणून रविवारी मी बादली घेऊन बसलो. कुणीतरी मोबाइलवर सांगितलं होतं म्हणून काचेला टूथपेस्ट चोळली. (एवढा वेळ मी माझ्या दातांनाही कधी दिलेला नाही. त्यांची तक्रार आहे, पण तो वेगळा विषय.) काच लख्ख झाली, आणि पुढचं सगळं त्या टूथपेस्टपायी घडलं.

सोमवारी नेहमीप्रमाणे बायकोला, म्हणजे सत्यशीलाला, मागे बसवून निघालो. ती परिचारिका आहे, राजूरच्या पुढच्या एका गावातल्या उपकेंद्रात. घरापासून अठरा किलोमीटर. रोज तिला सोडायचं आणि परत येऊन मी माझ्या कामाला जायचं, असा आमचा शिरस्ता. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, सहज खाली पाहिलं, तर काटा ऐंशीवर.

ऐंशी. आणि चालवणारा मी. शाळेत धावण्याच्या शर्यतीत ज्याला बाकीच्यांचे कपडे सांभाळायला बसवत, तो. आधी छाती फुगली आणि मग भान आलं. मागे बायको होती, पुढे कोळशाचा ट्रक होता आणि मधे मी ऐंशीने चाललो होतो. मी मूठ सैल केली, काटा साठवर आणला आणि तिथेच ठेवला. म्हणजे बघा, आपण वेगवान माणूस आहोत हे ज्या दिवशी मला कळलं, त्याच दिवसापासून मी गाडी हळू चालवायला लागलो. तोंडात मात्र ऐंशीच ठेवली.

काट्यावर इतका विश्वास कशाला, असं कुणी विचारेल. तर माझं पोटच काट्यावर आहे. एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी बाबू आहे. कापसाची गाडी काट्यावर चढते, मी आकडा वाचतो आणि पावती फाडतो. गाडीवाला म्हणतो, "भाऊ, घरून तं जास्त भरलता." मी म्हणतो, "काटा खोटं बोलत नाही." वीस वर्षं हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणत आलोय. त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत कापूस भरलेला एक ट्रॅक्टर मला ओलांडून गेला, तेव्हा मी काट्यावर नाही, ट्रॅक्टरवर संशय घेतला. आजकाल ट्रॅक्टरही सत्तरने हाकतात, असं मी सत्यशीलाला मागे वळून सांगितलं. तिने मोबाइलवर वेळ पाहिली.

बुधवारी संघदीप आला. रात्री जेवायला बसलो.

"भाऊजी, गाडी चमकून राह्यली तुमची," तो म्हणाला. "चालते काय अजून?"

"चालते म्हणजे? तुह्या ताईले रोज ऐंशीनं नेतो."

त्याने घास खाली ठेवला. "ऐंशीनं? राजूरच्या रोडनं?"

"गड्डे चुकवून," मी म्हणालो आणि भाजी मागितली. थोर माणसं असं बोलून लगेच भाजी मागतात, असं माझं निरीक्षण आहे.

"ताई, तुले भेव नाई लागत?"

सत्यशीलाने भाजी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "मी उद्यापासून याइच्या गाडीवर बसत नाई. देवीलालच्या ऑटोनं जाईन."

"काहून?" मी आणि संघदीप एकदमच म्हणालो.

"याइची स्पीड माह्यानं आता सहन होत नाई."

खरं सांगतो, झोपेपर्यंत मी हवेत होतो. लग्नाच्या एकवीस वर्षांनी बायकोला आपल्या स्पीडची धास्ती वाटावी, हे भाग्य किती नवऱ्यांच्या वाट्याला येतं?

सकाळी ती देवीलालच्या ऑटोत बसून निघून गेली आणि मी जमिनीवर आलो. एकवीस वर्षं ती माझ्या मागे बसते. एका बाजूला पाय सोडून, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून. घरात आमचं जे बोलणं होतं ते गॅस संपला, पाणी आलं, एवढंच. मनातलं काही बोलायचं असेल तर ते त्या अठरा किलोमीटरांत. त्या दिवशी मागची सीट रिकामी आणि खांदा मोकळा घेऊन मी जिनिंगवर गेलो आणि दोन पावत्या चुकीच्या फाडल्या. मला तो हात परत हवा होता. बाकी कौतुक गेलं खड्ड्यात.

संध्याकाळी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "उद्यापासून चाळीसच्या वर जाणार नाई. शपथ."

तव्यावर पोळी टाकता टाकता ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पोळी करपली.

"चाळीस?"

"तुले पाहिजे तं पस्तीस."

"नका बाप्पा असं काही करू," ती म्हणाली. "मी ऑटोनंच बरी."

भीती किती खोल गेली आहे हे माझ्या ध्यानात आलं. अशा वेळी बोलून उपयोग नसतो, करून दाखवावं लागतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मी तिच्या ऑटोच्या मागे गाडी लावली. बेत असा की मी चाळीसने मागे मागे जाईन, ती वळून बघेल, आणि नवरा किती सुधारला आहे हे तिला दिसेल.

ऑटो निघालं. मी काटा चाळीसवर धरला. गावाबाहेर पडेपर्यंत ऑटो लहान झालं आणि पहिल्या वळणावर नाहीसंच झालं. मी निष्ठेने चाळीसवर होतो. तेवढ्यात उताराला शाळेच्या दोन मुली सायकलवरून गप्पा मारत माझ्या पुढे गेल्या. त्यातली एक वळून म्हणाली, "काका, पेट्रोल संपत आलं काय?"

मी उपकेंद्राजवळ पोचलो तेव्हा देवीलाल सवाऱ्या उतरवून, चहा पिऊन परत निघाला होता. मी त्याला रस्त्यातच अडवलं.

"देवीलाल, बायामाणसं बसवून नव्वदनं पळवतो?"

त्याने आपल्या ऑटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे ऑटो? भाऊ, हे पहाडावरून ढकललं तरी नव्वदनं पडणार नाई."

"मग कितीनं आणलं?"

"चाळीस. फार तं पंचेचाळीस."

"मीही चाळीसनंच येत होतो."

"मग तुमचे चाळीस आन् माहे चाळीस वेगळे असन," तो म्हणाला आणि गेला. त्याच्या आवाजात दया होती. राग चालला असता.

आता वजनकाट्याचा पहिला नियम असा की काट्यावर संशय आला तर काट्यालाच विचारत बसायचं नाही. ज्याचं वजन पक्कं माहीत आहे अशी वस्तू त्याच्यावर ठेवायची. हे मी नव्या पोरांना शिकवतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा ते आठवायला मला पाच दिवस लागले.

शनिवारी गाडी रूपसिंग मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढचं चाक हाताने फिरवलं, केबल काढून पाहिली, परत लावली. "केबल ठीक हाये. चला रोडवर. काटा साठवर धरा. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे."

तो मोबाइलचं घड्याळ लावून मागे बसला. खांद्यावर हात ठेवला. (ऑइलचा होता. तीन दिवसांनी खांद्यावर हात आला तो असा.) दगड मागे गेला, बराच वेळ काही आलं नाही, मग दुसरा दगड आला.

"किती?"

"एक मिनिट बावन्न सेकंद."

"दगडच चुकीचा असन."

"दगड सरकारी हाये, भाऊ."

पुढचे दोन दगडही पाहिले. दोघांनीही माझ्याविरुद्ध तीच साक्ष दिली. रूपसिंगने हिशेब केला: माझे साठ म्हणजे बत्तीस, चाळीस म्हणजे एकवीस, आणि ज्या ऐंशीवर पुसदपर्यंत माझं नाव झालं होतं ते त्रेचाळीस.

दुकानात येऊन त्याने पुढचं चाक खोललं आणि मीटरची केबल फिरवणारी छोटी गरारी तळहातावर घेतली. "हे या गाडीची नाईच. दुसऱ्याच गाडीची हाये, म्हणून काटा दुप्पट पळते. कोण्या मिस्तऱ्यानं बसवली हे? त्याले जोड्यानं हाणलं पाहिजे."

"असन कोणीतरी," मी म्हणालो आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. दोन वर्षांपूर्वी जुनी गरारी झिजली तेव्हा मीच ही भंगारातून आणली होती आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःच्या हाताने बसवली होती. काच तेव्हाही काळीच होती, त्यामुळे काम उत्तम झालं असं वाटलं होतं.

आता आली का पंचाईत. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर मागची सीट रिकामी. संघदीपने तर फोन करून करून माझी कीर्ती दूरवर पोचवली होती. तिथेच बसून विचार केला आणि अब्रूवर पाणी सोडलं. वजनाच्या एका कोऱ्या पावतीवर रूपसिंगकडून लिहून घेतलं, 'ऐंशी म्हणजे त्रेचाळीस', खाली सही घेतली, आणि आपण किती हळू आहोत याचा लेखी पुरावा घेऊन घरी गेलो. संघदीप समोरच बसला होता.

"सत्यशीला, भिऊ नको," मी म्हणालो. "मी ऐंशीनं कधी चालवलीच नाई. हे वाच."

तिने वाचलं. "आन् या सोमवारपासून?"

"बत्तीस."

"माहीत हाये मले."

"कसं काय?"

"आमची हजेरी मोबाइलले तोंड दाखवून लागते. तीन दिवस तुमच्यामागं बसली, तीन लेट मार्क लागले. म्हणून तं ऑटो धरलं."

"मग स्पीड सहन होत नाई म्हणाली ते?"

"नव्हतीच होत. त्याच्यावर तुमी म्हणता, आता चाळीसवर येतो."

संघदीप उठून अंगणात गेला. तिथून बराच वेळ त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"मग तोंडावर सांगितलं काहून नाई?"

सत्यशीलाने पावतीची घडी घातली. "ऐंशी ऐंशी करत फिरून राह्यलते तुमी घरभर. लग्नाच्या दिवशीही इतके खुश नव्हते. कायले मोडू?"

मला लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं.

रूपसिंगने योग्य गरारी बसवली. काटा आता खरं बोलतो. अडचण माझ्या मुठीची आहे. ती आता घाबरायला शिकली होती. बत्तीसच्या पुढे गेलं की कानात वारा शिरतो, आणि काटा काही म्हणो, मला ऐंशी झाल्यासारखं वाटतं. सत्यशीलाने दोन दिवस हे पाहिलं आणि निर्णय दिला की रोज वीस मिनिटं आधी निघायचं.

ती पुन्हा माझ्या मागे बसते. तिचा हात पूर्ण अठरा किलोमीटर माझ्या पाठीवर असतो आणि त्या हातात पेन असतं. लसीकरणाचं रजिस्टर माझ्या पाठीवर टेकवून ती त्या दिवशी बोलवायच्या बाळांची यादी उतरवते. पूर्वी एका बाजूला बसायची, आता दोन्हीकडे पाय टाकून बसते, म्हणजे टेबल सरळ राहतं. गड्डा आला तर आधी सांगायचं, अक्षर बिघडतं, एवढी एकच सूचना मला आहे.

परवा एका गड्ड्यापाशी मी गाडी हळू केली, तेव्हा त्याच दोन मुली सायकलवरून आम्हाला ओलांडून गेल्या. या वेळी त्यांनी पेट्रोलचीही चौकशी केली नाही. मला लागलं ते. मी दात आवळून मूठ पिळणार, तेवढ्यात पाठीवर पेनचं टोक टेकलं.

"जाऊ द्या नं त्याइले पुढं," सत्यशीला म्हणाली. "माहे अजून तीन लेकरं लिहाचे राह्यले."