निःपक्षपाती नाक

एकाहत्तर सालच्या गळीत हंगामात चिंचमळ्याच्या ओढ्याला वास येतो की नाही, हा प्रश्न शासनाच्या विचाराधीन होता. गाव मात्र विचार करत बसलं नव्हतं, ते पदर आणि उपरणी नाकाला लावून हिंडत होतं. साखर कारखान्याचं मळीचं पाणी ओढ्यात उतरे आणि ओढ्यातून विहिरीत झिरपे. तक्रार गेली, तेव्हा सर्कलसाहेब पंचनाम्याला आले.

पंच निःपक्षपाती हवा, असा नियम. साहेबांनी चावडीपुढं एकेकाला विचारलं. ज्याला वास येत होता तो आपोआपच तक्रारदार ठरला, आणि तक्रारदाराला पंच कसं करणार?

शेवटी सूर्यभान सापडला. लहानपणी बैलानं उडवल्यापासून त्याच्या नाकाचं हाड वाकडं होतं. तो तोंडानं श्वास घेई, झोपेत गुदमरून उठे आणि कोरड्यासात लसूण आहे का, हे बायकोला विचारून घेई. बिचाऱ्याला आजवर कुणी कशाला विचारलं नव्हतं.

"वास येतो का?" साहेबांनी ओढ्याकाठी रुमालाआडून विचारलं.

"न्हाई साहेब. पर माझं नाकच..."

"विचारलं तेवढंच सांगायचं."

पंचनामा झाला. एवढं समतोल नाक वाया जाऊ नये म्हणून कारखान्यानं सूर्यभानला गंधनिरीक्षक नेमलं, खाकी कपडे आणि छत्री दिली. लोक त्याला सूर्यभानराव म्हणू लागले.

घरी पुष्पावतीनं घागर त्याच्यापुढं आदळली. "पोरगी जुलाबानं आडवी पडलीय. अन् तुमी पान्याला चांगलं म्हनून आंगठा देऊन आलात?"

"मला न्हाई आला वास. खोटं कसं सांगू?"

"नाक तुमचं बंद हाय. पोरीचं प्वाट न्हाई."

तिनं डोरलं मोडलं आणि त्याला श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरांनी हाड सरळ केलं. परतीच्या एसटीत कुणाच्या तरी पाटीतल्या पेरूंचा वास आला आणि हा दांडगा गडी खिडकीकडं तोंड करून रडला. फार सुखात रडला. घरी येऊन पोरीला पाजायला त्यानं तांब्या उचलला, आणि तो तसाच हातात राहिला. "हे पाजत हुतो व्हय मी तिला," तो म्हणाला.

पुढच्या तपासणीला त्यानं सरळ सांगितलं, "साहेब, लई घान वास येतोय."

साहेब हळहळले. "म्हणजे आता तुम्ही तक्रारदार झालात. पंच राहता येणार नाही." शिवाय प्रमाणित नाकात विनापरवाना फेरफार केल्याबद्दल त्यांनी खुलासा मागितला.

"खुलासा देतो. पर पोरीला दुसरं पानी द्या."

"पाण्याला वास आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवं."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या जागेसाठी चावडीपुढं रांग लागली. कालपर्यंत उपरणं लावणारे नाकात कापसाचे बोळे घालून आले होते. सूर्यभान एकेकाच्या हातापाया पडला. सगळे तोंडानं श्वास घेत त्याच्याकडं बघत राहिले.

एवढ्या अर्जदारांतून निवड होईना, तेव्हा साहेबांनी पंच बाहेरचाच घ्यायचा ठरवला. माणूस सुशिक्षित असावा, ओढ्यापासून लांब राहणारा असावा, चहात साखर घेणारा असावा आणि असल्या हकिगती वाचून त्याला हसू येत असावं. नाक कसंही चालेल. आम्ही तुमचं नाव सुचवलं आहे.

तुम्ही येईपर्यंत पोर तेच पाणी पिते आहे. चहा घेऊन या, घाई नाही.