शेवटच्या कालवाचं पुनर्वसन

वाळकेबंदरात बोटीच्या बुडाला नवा रंग लावायचा असेल, तर आधी बुडाला चिकटलेल्या प्रत्येक कालवाची संमती घ्यावी लागते. पूर्वीच्या रंगाला असल्या भानगडी नव्हत्या. त्यात विष असे, कालवं मरत, प्रश्न मिटे. नवा रंग बिनविषारी. तो कुणाला मारत नाही, फक्त वीस वर्षं अंगावर कुणाला बसू देत नाही. मारायचं नाही म्हटल्यावर विचारणं आलंच.

वामन तारीची बोट बंदरातली शेवटची, बिनरंगाची. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आलेली आणि रंगाच्या दाखल्याशिवाय समुद्र बंद. ओहोटीला बोट कलली की वामन चिखलात उताणा पडून नोटीस वाचून दाखवी. ऑफिसातल्या माणसांचा आवाज आला की कालवं शिंपा मिटून घेतात, म्हणून हे काम मालकाकडे. तीन दिवसांत चारशे अकरा कालवं हो म्हणाली आणि खाडीतल्या खडकांवर राहायला गेली. एक राहिलं. सुकाणूजवळचं, तळहाताएवढं.

"खडकार काय वायट आसा?" वामनने विचारलं.

"खडक जाग्यावरना हलत नाय," कालव म्हणालं. "माझो जल्म फिरण्यात गेलो. सुकाणूच्या आडोशाक, तुझ्या पत्र्याक चुकवून, अकरा वर्सां तुझ्यावांगडा दर्यात आसंय. दुसरी बोट दाखव, आता जातंय."

दुसरी बोट कुठून दाखवणार? बाकी सगळ्या कधीच रंगून गुळगुळीत झालेल्या.

वामनच्या हातात खरवडायचा पत्रा होता. एक फटका पुरला असता. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. कालवं खरवडायची, वर विषारी रंग फासायचा आणि घरी जाऊन पोटभर जेवायचं. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती बोललीही नव्हती. वामनला स्वतःची लाज वाटली. त्यानं पत्रा चिखलात टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी बंदर कार्यालयाच्या साळसकरबाई फाईल घेऊन आल्या.

"पर्यायी जागा द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "फिरती, ओली आणि खारट. ती बोटच असली पाहिजे, असं मात्र नियमात नाही."

वामनने थोडा विचार केला आणि सदरा काढला. "हयसर चलात?" त्यानं पाठ फिरवून विचारलं.

बाईंनी पाठीला बोट लावलं, ते जिभेला लावलं आणि लिहिलं, 'खारट'.

"फिरती?"

"साठ वर्सां झाली, अजून थांबाक नाय."

"ओली?" बाईंचं पेन थांबलं. "घाम धरता येणार नाही. दोन्ही भरतींना गळ्याइतक्या पाण्यात उभं राहावं लागेल, तेही इथंच, खाडीत. म्हणजे बोटीवर जाता येणार नाही, तारी."

चौदाव्या वर्षापासून वामनची एकही नारळी पौर्णिमा किनाऱ्यावर गेली नव्हती. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

बाई जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कालवाने शिंपा उघडून विचारलं, "खंय खंय न्हेशीत?"

"बाजारात. देवळात. कोणाचा लगीन आसला तर थंयसर."

"बाजार बघूक नाय मी," कालव म्हणालं. "चलात."

वामनने सही केली.

बायकोने, सुलोचनाने, फारसं काही विचारलं नाही. त्याच्या चार सदऱ्यांना मागून भोकं पाडली, कडा दुमडून शिवल्या आणि म्हणाली, "आता कुशीर झोपायची सवय करा."

नारळी पौर्णिमेला त्यांचा मुलगा रुपेश बोट घेऊन निघाला. वामन खाडीच्या तोंडाशी छातीइतक्या पाण्यात उभा होता. नव्या रंगामुळे बोट इतकी भरभर गेली, की त्यानं निरोपाचा हात पुरता वर करेपर्यंत ती पुढे निघूनही गेली होती.

पाठीवर कालव हळूच उघडलं.

"गेली?"

"गेली," वामन म्हणाला.

पाणी अजून तासभर चढायचं होतं. दोघं थांबली.