ढोमणे भाऊजींचं विचाराधीन दुकान

आमच्या रायपूरच्या बूढापाऱ्यातले ढोमणे भाऊजी स्वतःच्या दुकानात स्वतःलाच सुटीचा अर्ज देतात. वर 'महोदय', खाली सही. मग टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसतात, तोच अर्ज वाचतात आणि लाल पेनानं 'नामंजूर' लिहितात. मागे साळ्याच्या घरच्या वास्तुपूजेसाठी अर्ध्या दिवसाची सुटी मागितली होती. नाही मिळाली. दिवसभर तोंड फुगवून बसले.

"काय झालं जी, भाऊजी?" मी समोरच राहते, विचारलंच.

"काय सांगू वहिनी, साहेब ऐकूनच नाही राहिला."

साहेब कोण, तर हेच!

तीस वर्षं सरकारी ऑफिसात बाबू होते. ऑफिस नव्या रायपूरला गेलं तेव्हा म्हणाले, "तिथं रस्ता एवढा रुंद आहे, पलीकडून ओळखीचा माणूस गेला तर हाक पोचत नाही." स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घराच्या समोरच्या खोलीत मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. हाताला गुण मोठा. ऑफिसातले सगळे पंखे त्यांनीच फिरते ठेवले होते.

पण नोकरी सोडली म्हणून ऑफिस थोडंच सुटते! दुकानावर पाटी लागली: 'वेळ साडेदहा ते साडेपाच. जेवणाची सुटी दीड ते दोन.' इस्त्री घेऊन जा, पहिला प्रश्न, "विषय?" मग कोरा कागद पुढं. एका ऑटोवाल्यानं पंखा आणला. म्हणाला, "भैया, मुझे लिखना नहीं आता." तर भाऊजींनी त्याच्या वतीनं अर्ज लिहिला, वाचून दाखवला, वर अंगठा घेतला. पंख्यासाठी!

आणि सगळ्यांना एकच उत्तर. "प्रकरण विचाराधीन आहे. परवा या." परवा गेलं की पुन्हा परवा. पुरानी बस्तीत एकजण हातोहात दुरुस्त करून देतो, तर लोक तिकडंच वळायला लागले. भाऊजींची बायको निर्मला शाळेत शिकवते. एक दिवस रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाहते. नाही चाललं तर दुकान बंद. मंग जातील नव्या रायपूरले कुठं तरी कंत्राटी नोकरीत. झुरून जाईन जी हा माणूस."

माझा मिक्सर तेव्हा त्यांच्याकडंच पडला होता. तीन चकरा झाल्या होत्या. महालक्ष्म्या दोन दिवसांवर, एवढ्या भाज्या, चटण्या, पुरण, आणि मी काय पाट्यावर बसू? डोकंच सटकलं. भर दीड वाजता, सुटीची पाटी बाजूला सारून मी सरळ आत घुसली.

भाऊजी जेवून राहिले होते. मागच्या फळीवर माझा मिक्सर, पुसलेला, वायर नीट गुंडाळलेली. बटण दाबलं तर घर्रकन फिरला! बाजूची इस्त्री लावून पाहिली, तापली. पंखासुद्धा चालू. प्रत्येकावर चिठ्ठी, 'दुरुस्त', खाली तारीख. माझ्या मिक्सरवर तर मी तो आणून दिला त्याच दिवसाची.

"अहो भाऊजी! मंग मले काहून फिरवून राहिले तुम्ही?"

त्यांचा घास हातातच राहिला.

"दिलं की माणूस चालला जाते, वहिनी." मग खाली पाहत म्हणाले, "तीस वर्षं टेबलासमोर कोणी ना कोणी उभं राहायचं. शिव्या देत का होईना. आता निर्मला सकाळी जाते ते संध्याकाळी येते. दिवसभर मले कोणी हाक नाही मारत."

भांडायला गेली होती मी. भांडण कुठं गेलं कोण जाणे. तरी आवाज चढवूनच बोलली, "सगळ्यांचं सामान आजच्या आज द्या. दुकान राहिलं तर लोक येतील. बंद पडल्यावर कोण येईन?"

दिलं त्यांनी. संध्याकाळपर्यंत फळी रिकामी. महालक्ष्म्या आटोपल्यावर मी डोकावली, तर चार नवीन पंखे येऊन पडले होते. भाऊजी मात्र एकटेच.

"आता काय बिघडलं, वहिनी?"

"काहीच नाही. अशीच आली, बसायले."

भाऊजींना कळेचना काय करावं. उठले, बसले, पुन्हा उठले.

"तीस वर्षांत," ते म्हणाले, "बिनकामाचं माझ्यापाशी कोणी आलं नव्हतं."

मी स्टूल ओढलं आणि बसली. म्हटलं, चहा टाका.