अख्ख्या गल्लीची अर्धी चड्डी

फोनवर नातीला "हो गं, त्यात काय!" म्हणून झालं आणि रादोयका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटकन बसली. तिचा नवरा ग्वोझ्देन शेगडीवर मिरच्या भाजत होता. मान न वळवताच त्याने विचारलं, "आता कशाला हो म्हणालीस?"

"विश्न्याला चड्डी हवीये."

"व्हिएन्नात चड्ड्या मिळत नाहीत?"

"तसली नव्हे! क्रोशाची. चौकोनाला चौकोन जोडून केलेली अर्धी चड्डी. तिकडे सगळ्या पोरी घालतात म्हणे. हिने मैत्रिणींना सांगूनसुद्धा टाकलंय, की माझी आजी विणून देणारे."

आता मात्र ग्वोझ्देनने मान वळवली. "कुठली आजी?"

प्रश्न झोंबला, कारण तो अगदी बरोबर होता. रादोयकाने उभा जन्म गावची बस चालवली होती. डॅन्यूबकाठच्या त्या गल्लीत टीव्हीवर, फ्रिजवर, गेला बाजार रेडिओवर तरी क्रोशाचा रुमाल नाही असं घर नव्हतं. रुमाल रादोयकाकडेही होते, पण झाडून सगळे जत्रेतून आणलेले. वाढदिवसाला नातीला पाठवलेलेही तिथलेच. गल्लीत याचा कुणालाच पत्ता नव्हता, निदान रादोयकाची तशी समजूत होती.

आणि नाही म्हणायची तिची छातीच झाली नव्हती. विश्न्या दोन उन्हाळे आजीकडे फिरकली नव्हती. मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली होती. यंदा आपणहून येते म्हणाली होती ती या चड्डीपायी. चड्डी झाली नाही तर पोर पुन्हा समुद्राकडे पळणार.

गल्लीत कुणाला विचारायची सोय नव्हती. समोरच्या पेर्सिदाला कळलं असतं तर दुपारच्या कॉफीच्या आत नदीपलीकडे बातमी गेली असती. म्हणून रादोयकाने फोनवर नवशिक्यांची शिकवणी लावली. पडद्यावरच्या हसऱ्या पोरीने या नक्षीला 'आजीचे चौकोन' म्हणतात असं सांगितलं, तिथेच रादोयकाला पहिला चिमटा बसला. पुढे साखळ्या, मग खांब, मग कोपरा. पहिला चौकोन झाला वाटीसारखा. दुसऱ्याला कोपरे तीनच आले. ज्याला चार आले तो इतका आखडला होता की टेबलावर आपटला तर वाजला असता.

"अगं, घाटातल्या वळणावर स्टिअरिंग धरावं तशी सुई काय आवळतेस?" ग्वोझ्देन म्हणाला आणि ती वाटी त्याने उकडलेल्या अंड्यावर टोपी म्हणून घातली.

विश्न्या शनिवारी यायची होती. गुरुवारी रादोयकाने हात टेकले आणि नजर टाकली कपाटावर. आत डांबरगोळ्यांच्या वासात तिच्या लग्नाचं पांघरूण पडून होतं. गल्लीत नवी नवरी आली की प्रत्येक घरच्या बाईने एकेक चौकोन विणून द्यायचा, सगळे जोडून पांघरूण करायचं आणि मधली जागा नवरीने स्वतःच्या चौकोनाने भरायची, अशी तिथली रीत. ती मधली जागा रादोयकाने जत्रेतल्या एका पिवळ्या चौकोनाने भरून वेळ मारून नेली होती.

"इतकी वर्षं कपाटात आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "कोण बघतंय?"

विणकामाशी वाकडं असलं तरी सुईदोऱ्याशी तिचं बरं होतं. बसच्या फाटक्या सीटा तीच शिवायची. तिने पांघरूण उसवलं आणि शिकवणीतल्या पोरीने दाखवल्याप्रमाणे चौकोन मांडले. शेजारच्या स्तामेनाचा निळा आला डाव्या कुशीला. पेर्सिदाचा लालभडक चौकोन सगळ्यांत मोठा आणि दणकट, म्हणून तो लावला मागे, ऐन बसण्याच्या जागी. आणि तो जत्रेतला पिवळा दोन पायांच्या मधे, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही.

माप बघायला घरात काटकुळा माणूस एकच होता. ग्वोझ्देन चड्डी घालून खुर्चीवर उभा राहिला आणि नेमकी त्याच वेळी पेर्सिदा आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी घेऊन दारात आली. ती आत डोकावायच्या आत ग्वोझ्देनने कोठीघरात उडी मारली.

"भावजी कुठेयत?"

"पोटमाळ्यावर."

कोठीघरातून सणसणीत शिंक आली.

"बघ, झाली ना सर्दी? तरी सांगते, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाकू नका. वारा लागला की माणूस गेलाच!" पेर्सिदाने रादोयकाची खिडकी स्वतः लावली आणि मगच ती निघाली.

शनिवारी विश्न्या आली, चड्डी घालून आरशासमोर गिरकी मारली आणि आजीच्या गळ्यातच पडली. "आजी, कसली भारी झालीये! हे सगळं तू केलंस?"

"शिवलं मीच," रादोयका म्हणाली. तेवढं खरं होतं.

"मी संध्याकाळी हीच घालून फिरायला जाणार."

हे रादोयकाच्या हिशेबात नव्हतं. संध्याकाळी अख्खं गाव नदीकाठच्या रस्त्यावर फेऱ्या मारतं, आणि गल्लीतल्या बायका बाकांवर बसून कुणी काय घातलंय याची तपासणी करतात. "घरातच घाल की. किती छान दिसतेय."

"घरात कुणाला दाखवू? आजोबांना?"

"मी पाहिलीये," ग्वोझ्देन घाईघाईने म्हणाला.

व्हायचं तेच झालं. नातीमागून रादोयकाही चालत होती, आणि पहिल्याच फेरीला स्तामेना बाकावरून ओरडली, "ए पोरी, थांब! जरा वळ बघू. अगं बाई, हा निळा माझा! माझ्या हाताची गाठ मी अंधारातसुद्धा ओळखेन."

बायका मधमाश्यांसारख्या जमल्या. हा माझा, तो माझ्या आईचा, असं करत विश्न्याला त्यांनी भोवऱ्यासारखं फिरवलं. पेर्सिदा चष्मा पुसून पुढे झाली आणि आपला लाल चौकोन जिथे होता तिथे बघून तांबडीलाल झाली.

"रादोयका! तुझ्या लग्नाला मी जीव ओतून विणला. त्यावर तू पोरीला बसवलंस?"

रादोयकाला वाटलं, रस्ता दुभंगावा आणि आपण आत जावं. पण नात समोर उभी होती आणि आता आणखी एक थाप मारायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"मला विणता येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हतं. विश्न्या, तुला पाठवलेले रुमालसुद्धा विकतचेच. तू यावंस म्हणून हो म्हटलं गं."

विश्न्याच्या आधी पेर्सिदाच बोलली. "ते नवं काय सांगतेस? लग्नात मधला पिवळा चौकोन जत्रेतल्या ज्या म्हातारीकडून घेतलास ना, ती माझी मावशी. आणि विणला होता मी."

"तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"मग! तू तुझ्या बसमधून माझ्या आईला रोज दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायचीस. स्टॉप नव्हता तिथे. तुझं हे गुपित मी चव्हाट्यावर मांडणार होते होय?" रादोयकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पेर्सिदाने लगेच आवाज चढवला. "पण तो पिवळा आहे कुठे? दिसत नाही."

रादोयकाने खाली मान घालून जागा सांगितली.

"म्हणजे तिथेही मीच?" पेर्सिदा किंचाळली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, विश्न्या तर बाकावरच कोसळली.

"तुला काय झालं रडायला?" स्तामेना फणकारली. "दोन दोन जागा मिळाल्या! गावाची नजर तुझ्या चौकोनावर, आणि माझा कुशीला. हात खाली सोडला की झाकला."

हे पेर्सिदाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने पोरीला परत वळवलं, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "रंग मात्र अजून उतरला नाही हं." पुढच्याच क्षणी ती चपापली. "अगं, पण सगळी भोकंच भोकं! वारा शिरून पोरीचं पोट गारठेल की!" तिने आपली शाल काढून विश्न्याच्या कमरेला गुंडाळली, मग लाल चौकोन झाकला गेला म्हणून शाल थोडी वर सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रादोयकाच्या अंगणात सगळ्या आपापल्या सुया घेऊन हजर. पांघरूण पुन्हा भरायचं ठरलं होतं. "मधली जागा तुझी," पेर्सिदाने बजावलं. "यंदा जत्रेत जायचं नाही." विश्न्याही शेजारी शिकायला बसली. मंगळवारचं परतीचं तिकीट तिने रद्द केलं. "आजीचा चौकोन झाल्याशिवाय मी हलत नाही," असं तिने जाहीर केलं आणि मैत्रिणींना समुद्रावर तसं कळवूनही टाकलं.

रोज सकाळी रादोयका विणायची, पेर्सिदा नाक मुरडायची, उसवायचं, पुन्हा सुरुवात. आठवडा सरता सरता एका सकाळी, बायका कॉफीत गुंतलेल्या असताना, रादोयकाने शेवटचा खांब घातला आणि चौकोन मांडीवर पसरला. चार कोपरे, सपाट, सरळ. तिने तो दोनदा फिरवून पाहिला. मग समोर पाहिलं. विश्न्या जीभ बाहेर काढून साखळ्या मोजत होती, आणि मधेच आजोबांना विचारत होती, की आलुबुखार पिकेपर्यंत राहिले तर चालेल ना.

रादोयकाने हळूच दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. चौकोन सरसर उसवत गेला.

"अजून नाही जमत गं," ती मोठ्याने म्हणाली.

पेर्सिदाने सगळं पाहिलं होतं. तिने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "छे! हिला वेळ लागणार."