सुलटे दिवे

पाण्यात पडलेला माणूस सापडावा, अशी जलवाहतूक मंडळाची मनापासून इच्छा होती. म्हणूनच मंडळाच्या फेरीबोटीच्या कठड्याला तरंगती कडी लटकवलेली होती आणि प्रत्येक कड्याशेजारी दोरीने बांधलेला एकेक दिवा होता. माणूस पडला की कडं फेकायचं, सोबत दिवाही जातो, मग पडलेल्याला कडं दिसतं आणि बोटीला पडलेला. व्यवस्था इतकी सोपी होती की ती फार दिवस टिकणं शक्यच नव्हतं.

या सामानाची जबाबदारी भांडारपालाकडे होती. दिसेल त्या वस्तूला कुलूप लावायची हौस असल्याने लोक त्याला कुलूपभाऊ म्हणत. गडी कित्येक वर्षं हंगामी होता. त्याला कायम करण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर येऊन पडला होता, आणि कुलूपभाऊचा जीव त्या कागदात अडकला होता.

एके दिवशी साहेब पाहणीला आले. कठड्यापाशी थबकले.

"हे दिवे उलटे का टांगलेत?"

"आधीपासून असेच आहेत साहेब."

"आधीपासून चूक आहे म्हणून ती आपण जपायची? दिवा आहे का वटवाघूळ? सुलटे करा सगळे."

साहेब गेल्यावर कप्तानाने दिव्यावरची सूचना कुलूपभाऊच्या नाकासमोर धरली. दिवा उलटाच टांगावा, पाण्यात पडला की सुलटा होऊन आपोआप पेटेल, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. कुलूपभाऊने ती सूचना लक्षपूर्वक वाचली, पांढरा रंग मागवला आणि तिच्यावर दोन हात मारले. आता काही वाद उरला नाही.

दिवे सुलटे झाले आणि अर्थातच झाडून सगळे पेटले. भर दुपारीही लखलखू लागले. साहेबांना हे कळताच ते खुर्चीत सरसावून बसले. "बघा, इतकी वर्षं सगळे बंद होते. कुणाला पत्ता तरी होता?" मंडळाच्या अहवालात 'नादुरुस्त दिव्यांचे विनाखर्च पुनरुज्जीवन' असा परिच्छेद आला, आणि साहेबांचा सत्कारही झाला.

पण दिवे पेटते म्हणजे सेल संपणार. दर आठवड्याला नवे सेल मागवावे लागले. लेखा विभागाने हरकत घेतली. साहेबांनी तोडगा काढला: दिवे सुलटेच राहावेत, मात्र पेटू नयेत.

कप्तान म्हणाला, "कुलूपभाऊ, हे कसं काय जमवणार?"

"त्यात काय? सेल काढून ठेवायचे."

"आणि माणूस पडला तर?"

"तुम्ही चांगलं बोला हो. आजवर पडलंय का कुणी?"

काढलेले सेल भांडारात पडून खराब होतील, म्हणून ते कर्मचाऱ्यांच्या घरी सुरक्षित ठेवण्यात आले.

पुढच्या पाहणीच्या आदल्या रात्री, उतारूंना घेऊन बोट शेवटच्या फेरीवर असताना, कुलूपभाऊ तिच्यावर शेवटची नजर टाकत होता. मागच्या टोकाचा एक दिवा जरासा कलला होता. साहेबांना कललेलं खपत नाही, म्हणून तो कठड्यावर ओणवा झाला, आणि पाय निसटून थेट पाण्यात गेला.

कप्तानाने ताबडतोब कडं फेकलं. दिवा पाण्यात अगदी सुलटा उभा राहिला आणि काळाकुट्ट राहिला. कुलूपभाऊला कडं दिसेना, बोटीला कुलूपभाऊ दिसेना. उतारूंनी मोबाइलचे दिवे लावून चित्रण सुरू केलं, त्या झगमगाटात समुद्र आणखीच काळा झाला.

"दिवे बंद करा हो, मला काही दिसत नाहीये," कप्तान विनवत होता.

"मग व्हिडिओत ते कसे दिसणार?" एका बाईंनी रास्त शंका काढली.

नाकातोंडात पाणी जात होतं. बायकोची आठवण येऊन कुलूपभाऊला रडू फुटलं. मग संताप आला, आणि त्याने साहेबांच्या सात पिढ्यांचा खणखणीत उद्धार सुरू केला. दूर जाळं टाकून बसलेल्या कोळ्याने तो ऐकला, आवाजाच्या रोखाने होडी वल्हवत आणली आणि त्याला बखोटीला धरून वर ओढलं.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच साहेब. घरून निघताना बायको म्हणाली, "खरं काय ते सांगून मोकळे व्हा. जीव वाचला, एवढं पुरे आहे मला." कुलूपभाऊ ठरवूनच गेला होता.

साहेबांच्या पुढ्यात कायम करण्याचा तो कागद होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पडल्यावर दिवा पेटला होता का?"

कुलूपभाऊने कागदाकडे पाहिलं. पेनाकडे पाहिलं.

"पेटला होता साहेब. भीतीने माझेच डोळे मिटले होते."

सही झाली. कुलूपभाऊ कायम झाला, शिवाय सर्व बोटींच्या सुरक्षेचा प्रमुखही. सेलांचं काय झालं, हे समितीतल्या एकानेही विचारलं नाही. सगळ्यांच्या घरची घड्याळं व्यवस्थित चालू होती.

आता तुम्ही त्याला नावं ठेवणार. जरूर ठेवा, माणूस त्याच लायकीचा आहे. फक्त त्याआधी उठा आणि अडीअडचणीला म्हणून घरात ठेवलेली विजेरी पेटते का, ते बघून या. पेटली नाही, तर सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये सापडतील.