एका पानात बसवलेली बँक

तुमचं रामायण कितीही लांबलेलं असू दे, मी ते एका पानात बसवून देतो! छापखान्यात मजकूर जुळवायचं काम गेली वीस वर्षं करतोय आणि बारीक अक्षरात माझा हात धरणारा कुणी नाही. म्हणून तर बँकेचं काम आलं तेव्हा मालकांनी सगळ्यांना सोडून मलाच हाक मारली.

क्रेडिट कार्डाच्या ग्राहकांना पाठवायचं पत्र होतं. मजकूर चार पानांचा आणि बँकेला हवं होतं एकच पान! त्यातही वर हसऱ्या कुटुंबाचा फोटो, खाली 'आता आणखी आनंद!' असं ठसठशीत शीर्षक आणि उरलेल्या वीतभर जागेत बाकी सगळं. मी अक्षर लहान केलं. मग आणखी लहान केलं. काळ्याचा राखाडी रंग केला, म्हणजे गर्दी दिसत नाही. तरी शेवटच्या दोन-तीन ओळी खाली सांडतच होत्या, त्यांचीही कशीबशी वाट लावली. मजकूर मात्र वाचला नाही. अहो, आपण अक्षरं बघायची. अर्थ बघणं हे गिऱ्हाइकाचं काम!

पंधरा दिवसांनी तेच पत्र माझ्या घरी आलं, कारण त्याच बँकेचं कार्ड माझ्याही खिशात आहे. सोफा, वॉशिंग मशीन आणि घरबसल्या चालायचं एक यंत्र (त्यावर सध्या टॉवेल वाळतात) मिळून साठ हजारांची उधारी. ती फिटावी म्हणून बायको सकाळची शाळा शिकवून संध्याकाळी औषधांच्या दुकानात बिलं करायला बसते. "कर्ज संपलं की संध्याकाळी मी नुसती पाय वर करून बसणार," एवढंच तिचं मागणं. सहा महिने उरले होते.

"बघ, काय देखणं बसवलंय!" मी पत्र तिच्या नाकासमोर नाचवलं. मग आईने ते आपल्या औषधांच्या बाटल्यांखाली अंथरलं.

एके दिवशी मी रजा टाकून लोळत होतो. साडेतीनला बायको धावतच आत आली.

"अहो, शाळेतल्या बाई सांगत होत्या, त्यांच्या बँकेने कार्डाचं व्याज वाढवलं! आपलं पत्र कुठाय?"

"अगं, ती जाहिरात होती!"

"वाचली होतीत?"

मी उठून आईच्या खोलीकडे पळालो.

बाटल्या हलवून पत्र काढलं. आईने भिंग लावलं. "अरे, ही अक्षरं आहेत की खसखस सांडलीय?" शेवटी बायकोने मोबाइलने फोटो काढला, तो मोठा केला आणि वाचू लागली. "पुढच्या महिन्यापासून व्याज दरमहा दोनऐवजी साडेतीन टक्के... ज्यांना मान्य नाही त्यांनी लेखी हरकत घ्यावी, म्हणजे जुना दर कायम राहील... मुदत..."

मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत!

"हरकत पुढील पत्त्यावर पोचवावी," बायकोने वाचलं आणि फोटो खालीवर सरकवला. पुढे पत्ताच नव्हता.

खाली सांडणाऱ्या त्या दोन-तीन ओळी! म्हणजे पत्ता मीच उडवला होता.

"म्हणजे अजून किती महिने मी त्या दुकानात बसायचं?" बायको हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तडक बँकेला फोन लावला.

मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग पाऊण तास बासरी! पाचला दहा कमी असताना एक बाई बोलल्या. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"पत्ताच नाही तर माणसाने हरकत घ्यायची कुठे?" मी कडाडलो. "ही शुद्ध लूट आहे! असलं पत्र जुळवणाऱ्या गाढवाला तर..."

बायकोने चिमटा काढला.

"थांबा हं, साहेब." पुन्हा बासरी. मग बाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पत्ताच छापलेला नाही, तर तुम्हाला वाढ लावता येणार नाही. जुनाच दर राहील. तसं लेखी कळवतो."

घरात जल्लोष! आईने टाळ्या पिटल्या. बायको धप्पकन सोफ्यावर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर कॉलर ताठ केली.

"साहेब, अजून एक," बाई म्हणाल्या. "काम चार छापखान्यांना वाटून दिलं होतं. ज्याने चूक केली त्याच्याकडून भरपाई घ्यायचीय. पत्राच्या तळाशी छापखान्याचं नाव असेल, वाचून सांगता?"

"छे हो! फार बारीक आहे! दिसतच नाही!"

पण आमच्या मालकांची पहिल्यापासून सक्त ताकीद आहे की जागा असो वा नसो, छापखान्याचं नाव ठळकच पाहिजे. आईने भिंग बाजूला ठेवलं, पत्र हातभर लांब धरलं आणि नाव खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वर फोनकडे तोंड करून म्हणाली, "आमच्या मुलानेच जुळवलंय हो हे!"

व्याज वाढलं नाही. भरपाई मात्र माझ्या पगारातून दरमहा कापली जातेय. त्यामुळे औषधांच्या दुकानातली संध्याकाळची जागा आता मी सांभाळतो, आणि बायको घरी पाय वर करून बसते!