ग्लॅडिसला फोन दे

आर्डिस तीन दिवसांसाठी डुलुथला बहिणीकडे निघाली, तेव्हा तिने नवऱ्याला, म्हणजे लाइल टॉलेफसनला, दोनच गोष्टी बजावल्या. एक, फ्रिजमध्ये बटाट्या-खिम्याचं हॉटडिश करून ठेवलंय, ते भांड्यातूनच चमच्याने ओरपू नकोस. दोन, माझ्या बदकांना काही झालं तर मी डुलुथलाच राहीन.

"आणि मला काही झालं तर?" लाइलने विचारलं.

"तर व्हर्नरला कळव. तो बदकं सांभाळेल," आर्डिस म्हणाली आणि गाडीत बसली. व्हर्नर म्हणजे तिचा थोरला भाऊ.

बदकं तीन. हिल्मा, मेबल आणि ग्लॅडिस. नावं आर्डिसच्या तीन आत्यांची (स्वभावही त्यांचेच, पण हे लाइल घरात बोलत नसे). ग्लॅडिस सगळ्यात लाडकी. ती अंड्यातून बाहेर आली तीच मुळी स्वयंपाकघरात, शेगडीशेजारच्या खोक्यात, आणि समोर आर्डिस दिसली म्हणून तिलाच आई समजून बसली. रोज संध्याकाळी आर्डिसच्या मांडीवर चढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लाइलने कौतुकाने हात पुढे केला की चावायची.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला डुलुथहून फोन आला. बरा आहेस का, जेवलास का, काही नाही. "ग्लॅडिसला फोन दे." लाइलने बदक काखेत धरलं, फोन त्याच्या चोचीशी नेला. बदक क्वॅक क्वॅक करून ओरडलं, पलीकडून आर्डिस "अगं माझी बाई गं ती!" म्हणाली, आणि फोन बंद.

आता थंडीचं बदकाला काही वाटत नाही. गवताचा जाड बिछाना आणि मूठभर मटार दिले की झालं. त्याला हवं असतं पाणी, अख्खी चोच बुडेल एवढं. आणि जानेवारीत मिनेसोटात पाण्याचा तासाभरात दगड होतो. त्यामुळे लाइल दर तासाला गरम पाण्याची बादली घेऊन निघायचा, अंगणात एकदा आपटायचा, उरलेलं पाणी खुराड्यात ओतायचा. सांडलेल्या पाण्याचा तोवर बर्फ झालेला असायचा, म्हणजे पुढच्या खेपेला आपटायची सोय आयती तयार.

दुसऱ्या दिवशी पाचव्यांदा आपटल्यावर, आडव्या अवस्थेतच, त्याच्या डोक्यात कल्पना चमकली. पाणी बदकांकडे कशाला न्यायचं? बदकंच पाण्याकडे नेली तर? (लाइल हुशार नव्हता असं नाही. त्याच्या हुशारीची वेळ तेवढी चुकायची.)

तळ्यावर त्याची खोपटी होती. हिवाळ्यात अर्धं गाव गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपट्या मांडतं, आत शेगडी पेटवतं, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतं. लाइलही अकरा वर्षं बसत होता. मासा अजून लागायचा होता, पण शेगडी एक नंबर होती.

शेजारी, दहा पावलांवर, व्हर्नरची खोपटी. हा मेव्हणा भाल्याने मासे मारायचा. दार बंद, आत मिट्ट काळोख, बर्फात जेवणाच्या टेबलाएवढं भोक. त्यात दोरीला बांधलेला लाकडी मासा नाचवायचा. खरा मासा त्याला भुलून जवळ आला की भाला.

दुपारी लाइल तिन्ही बदकं कपड्यांच्या टोपलीत घालून, वर घोंगडी टाकून, टोपली घसरगाडीवर ठेवून तळ्यावर आला. व्हर्नर नेमका दारातच उभा.

"काय जावईबापू! आज सहकुटुंब?"

"हवापालट, व्हर्नरराव," असं म्हणून लाइल घाईघाईने आत शिरला.

शेगडी पेटवली. भोक लहान वाटलं म्हणून करवत चालवून चांगलं न्हाणीच्या घमेल्याएवढं केलं. बदकं पाण्यात उतरली आणि काय सांगावं त्यांचा आनंद! पंख काय फडफडवतायत, पाणी काय उडवतायत. लाइल कॉफी ओतून घेत स्वतःवर खूश झाला. आर्डिसला हे सुचलं नव्हतं!

तेवढ्यात ग्लॅडिसने डोकं खाली घातलं, शेपूट वर केली, आणि गेली.

लाइल हसला. मग वाट बघितली. मग हसायचा थांबला. हिल्मा आणि मेबल खाली पाण्यात बघत होत्या. ग्लॅडिस वर येईना.

"ग्लॅडिस? ए बाई, पुरे आता!"

त्याने खांद्यापर्यंत हात घालून पाणी ढवळलं. कॉफीचा पेला टाकून बाहेर धावला, गुडघ्यांवर बसून बर्फावरचा भुसभुशीत थर उकरला, खाली काही पांढरं हलतंय का ते बघितलं. काही नाही. शून्याखाली पंचवीसमध्ये ओली बाही दोन मिनिटांत लाकूड झाली आणि हात होता तसाच, पुढे ताठ राहिला.

व्हर्नरला विचारावं का? छे! व्हर्नरला सांगणं म्हणजे आर्डिसला सांगणं. एवढ्यात व्हर्नरच बाहेर आला. कोट पोटावर हा एवढा फुगलेला, दोन्ही हातांनी धरून ठेवलेला, आणि चेहऱ्यावर हसू.

"कुणाला वाट दाखवताय, जावईबापू?"

"व्यायाम करतोय."

"मला आज मोठं घबाड लागलं बरं का. तुमचं काही हरवलंय का?"

"नाही! काहीसुद्धा नाही!"

"बघा हां," व्हर्नर म्हणाला. मग कोट सांभाळत गाडीकडे गेला. याला रोजच मोठा मासा मिळतो, लाइलच्या मनात आलं, आणि आपण घरातलं बदक घालवून बसलो.

दोनच बदकं घेऊन तो घरी आला. खुराड्यात ग्लॅडिसच्या जागी गवतात खळगा तसाच होता. तो बघितला मात्र आणि लाइलला रडू फुटलं. चावायची, पण रोज दाराशी आधी तीच यायची. त्या थंड पाण्यात, काळोखात, बिचारी वाट शोधत असेल. आणि आर्डिसला काय तोंड दाखवायचं?

पाच वाजले. फोन वाजला. खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. अगदी ठरवलं होतं.

"ग्लॅडिसला फोन दे," आर्डिस म्हणाली, इतक्या लाडाने की ठरवलेलं सगळं बाजूलाच राहिलं. तोंडून निघालं ते भलतंच.

"क्वॅक."

"अगं माझी बाई! मटार खाल्लेस?"

"क्वॅक क्वॅक."

"लाइल नीट सांभाळतो ना तुला?"

बदक जरा घुटमळलं. "क्वॅक."

"बरं, आणि तळ्याचं पाणी कसं होतं गं?"

लाइलने बदकाचा आवाज सोडला.

"आर्डिस," तो हुंदका देत म्हणाला, "गेली गं ती! माझ्याच हातून गेली. भोक मीच मोठं केलं. तू डुलुथला राहा, मला काही तोंडच नाही."

आर्डिस म्हणाली, "पूस डोळे. व्हर्नरकडे आहे ती. त्याच्या लाकडी माशामागे लागून त्याच्याच भोकातून वर आली. त्याने भाला उगारला होता, तेवढ्यात ती क्वॅक म्हणाली म्हणून वाचली. तुला विचारलं तर म्हणे काही हरवलं नाही, मग घेऊन गेला घरी. साडेचारलाच त्याने फोन करून तिला माझ्याशी बोलायला दिलं. आता कोरडा कोट चढव आणि घेऊन ये तिला."

लाइलला हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळेना. कोट शोधता शोधता त्याने भीतभीत विचारलं, "माझ्यावर रागावलीय का गं ती?"

"मी विचारलं ना तिला साडेचारलाच. म्हटलं, लाइल नीट सांभाळतो ना तुला?"

"मग?"

"तोवर एकसारखी बडबडत होती," आर्डिस म्हणाली. "मग एकदम गप्पच झाली."